क्रॉफर्ड-ब्राउन, टेरी : दक्षिण आफ्रिकेतील शस्त्रखरेदीविरुद्धचा लढा

दक्षिण आफ्रिकेने १९९९ मध्ये केलेल्या शस्त्रखरेदीतील भ्रष्टाचाराविरुद्ध दीर्घकाळ झुंजलेले माजी बँकर व शांततावादी कार्यकर्ते. या प्रकरणात खासदार लढले, पत्रकार लढले, सरकारी वकीलही लढले. बहुतेकांचा शोध लाच कोणी घेतली, हा होता. क्रॉफर्ड-ब्राउन यांनी आधी खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचे करार मागितले. नेडबँकेत आंतरराष्ट्रीय व्यवहार सांभाळले असल्याने कर्जकराराची कलमे कशी वाचायची, हे त्यांना ठाऊक होते.

बँकांच्या ताकदीचा अनुभव त्यांना वर्णभेदाच्या काळातच आला. १९८५ मध्ये चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जांना मुदतवाढ नाकारली आणि सप्टेंबरमध्ये प्रिटोरिया सरकारला परतफेड थांबवावी लागली. त्यानंतर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी चालवलेल्या बँकिंग निर्बंधांच्या मोहिमेत क्रॉफर्ड-ब्राउन सल्लागार होते. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर संसदेसमोर संरक्षण धोरणाचा फेरआढावा झाला (१९९६–९८), तेव्हा त्यांनी अँग्लिकन चर्चची बाजू मांडली. देशाला खरा धोका गरिबी व बेकारीचा आहे, असे सरकारच्याच १९९६ च्या श्वेतपत्रिकेत म्हटले होते. पुढे त्याच सरकारने खरेदी काढली, ती मात्र लढाऊ विमाने आणि पाणबुड्यांची.

३ डिसेंबर १९९९ रोजी करारांवर सह्या झाल्या. जाहीर किंमत सुमारे ३० अब्ज रँड होती. त्यात ४ जर्मन कॉर्व्हेट (लहान युद्धनौका), ३ जर्मन पाणबुड्या, २४ ब्रिटिश हॉक प्रशिक्षण विमाने, २८ स्वीडिश ग्रिपेन लढाऊ विमाने (नंतर २६) आणि ३० इटालियन हलकी हेलिकॉप्टरे होती. सह्यांपूर्वीच, ९ सप्टेंबरला, खासदार पॅट्रिशिया डी लिल यांनी संसदेत आरोपांचा दस्तऐवज मांडून चौकशी मागितली होती.

पाणी तीन ठिकाणी मुरत होते. पहिले, निवडीच्या निकषांत. प्रशिक्षण विमानांच्या मूल्यमापनात किंमत धरली की इटलीचे एर्माक्की विमान वर येई. तेव्हाचे संरक्षणमंत्री जो मोडिसे यांच्या काळात किंमत वगळलेली दुसरी यादी मागवली गेली आणि हॉक पहिले आले. निविदेत कोणी खाडाखोड केली नाही, आकडेही खोटे लिहिले नाहीत. फक्त एक रकाना गाळला. म्हणूनच असे प्रकार लेखापरीक्षणात हाती लागणे अवघड असते. या प्रक्रियेशी असहमत असलेले संरक्षण सचिव पिएर स्टाइन यांनी १९९८ मध्ये पद सोडले. तरीही सप्टेंबर २००० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या निवडीवर बोट ठेवले.

दुसरे, ऑफसेटमध्ये, म्हणजे विक्रेत्याने खरेदीदार देशात करावयाच्या गुंतवणुकीत. ३० अब्जांच्या खरेदीतून १०४ अब्ज रँडची गुंतवणूक आणि सुमारे ६५,००० रोजगार येतील, असे लोकांना सांगितले गेले. ३० देऊन १०४ मिळणार असतील, तर विक्रेता नफा कुठून काढणार, हा साधा हिशेब क्रॉफर्ड-ब्राउन जाहीर सभांतून मांडत. प्रत्यक्षात कंपन्यांना गुंतवणुकीचे श्रेय गुणकाने, म्हणजे खऱ्या रकमेच्या काही पट मोजून दिले जाई. त्यामुळे कागदावरचा आकडा फुगे आणि खरी गुंतवणूक त्याच्या मागेच राही. व्यापारी गुपिताच्या नावाखाली तपशील झाकलेला असल्याने ताडून पाहण्याची सोय नव्हती.

तिसरे, कर्जात, आणि खरी मेख तिथे होती. अशा खरेदीत बँक विक्रेत्याच्या देशातील निर्यात-हमी संस्थेच्या जोरावर कर्ज देते. कामाचे टप्पे पुरे होतील तसा पैसा विक्रेत्याला मिळत जातो. खरेदीदार देश पुढची वीसेक वर्षे हप्ते भरतो. विमानांसाठीचे कर्ज बार्कलेज बँकेचे आणि हमी ब्रिटिश सरकारी संस्थेची होती. कर्ज परकीय चलनात असल्याने रँड घसरला की बोजा आपोआप वाढे. करार झाले तेव्हा डॉलरला सुमारे ६ रँड पडत. डिसेंबर २००१ मध्ये भाव १३ च्या पुढे गेला. २००२ च्या अर्थसंकल्पात या खरेदीचा खर्च ५० अब्ज रँडच्या वर गेलेला दिसतो. यात विक्रेत्याला आणि बँकेला जोखीम जवळपास नव्हती. लाच दिल्याचे पुढे सिद्ध झाले, तरी हप्ते चालूच राहणार होते.

यावर ‘शस्त्रकपातीसाठी अर्थतज्ज्ञ’ या संघटनेच्या, त्यांनी स्थापन केलेल्या दक्षिण आफ्रिका शाखेने २००१ मध्ये केप उच्च न्यायालयात अर्थमंत्री ट्रेव्हर मॅन्युएल यांच्याविरुद्ध याचिका केली आणि कर्जकरार रद्द करण्याची मागणी केली. राज्यघटनेचे कलम २१७ हा तिचा आधार होता. सरकारी खरेदी न्याय्य, समतापूर्ण, पारदर्शक, स्पर्धात्मक आणि किफायतशीर असलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. २००३ मध्ये न्यायालयाने सरकारला काही अंतर्गत कागदपत्रे देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट १९९९ चा परवडण्याबाबतचा अहवाल या लढ्यात फार महत्त्वाचा ठरला. चलन घसरेल, ऑफसेट फसेल, खर्च वाढेल, असे इशारे मंत्र्यांना सह्यांच्या आधीच लेखी मिळाले होते. सरकारला कल्पना नव्हती, हा बचाव यापुढे टिकण्यासारखा राहिला नाही.

तरीही याचिका २००४ मध्ये फेटाळली गेली. खरेदीचा निर्णय मंत्रिमंडळाचा होता, आपण केवळ त्यासाठी पैसा उभा केला, असा अर्थमंत्र्यांचा बचाव होता. शस्त्रव्यवहारांत जबाबदारी अशीच वाटून टाकलेली असते : सेना गरज सांगते, मंत्रिमंडळ निवड करते, अर्थखाते सही करते. त्यामुळे कोणत्या निर्णयाला आव्हान द्यायचे, हे चुकले तर पुराव्याचा ढीग असूनही दावा बुडतो. दाव्याचा खर्च अंगावर आला आणि वसुलीचा तगादा व्यक्तिशः त्यांच्यामागे लागला. नागरी कार्यकर्ते लाचेच्या प्रकरणांत न्यायालयाची पायरी चढत नाहीत, त्याचे मोठे कारण हा खर्च असतो. २००९ मध्ये बायोवॉच खटल्यात घटना न्यायालयाने ठरवले की, सरकारविरुद्ध गंभीर घटनात्मक प्रश्न मांडून हरलेल्या खासगी पक्षावर सर्वसाधारणपणे खर्च लादू नये. क्रॉफर्ड-ब्राउन यांच्या पहिल्या दाव्याला हे संरक्षण मिळाले नाही.

मधल्या काळात फौजदारी कारवाई तुकड्यातुकड्याने झाली. सत्ताधारी पक्षाचे संसदेतील मुख्य प्रतोद राहिलेले टोनी येंगेनी २००३ मध्ये शस्त्रकंपनीकडून आलिशान मोटारीवर मिळालेली सवलत लपवल्याबद्दल दोषी ठरले. २००५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचे आर्थिक सल्लागार शबीर शेख यांना १५ वर्षांची शिक्षा झाली आणि झुमा यांना पदावरून हटवले गेले. हॉक विमाने विकणाऱ्या बीएई या ब्रिटिश कंपनीने ११.५ कोटी पौंडांची ‘कमिशने’ वाटल्याचा आरोप करणारी शपथपत्रे २००८ मध्ये पुढे आली. पण ‘स्कॉर्पियन्स’ हे तपास पथक लवकरच मोडीत काढले गेले. त्याच्या जागी आलेल्या पथकाने २०१० मध्ये तपास थांबवला. ४६० खोकी कागद आणि ४७ लाख संगणकीय पानांचा पुरावा तसाच पडून राहिला.

हाच पुरावा धरून क्रॉफर्ड-ब्राउन त्या वर्षी थेट घटना न्यायालयात गेले. या वेळी मागणी आटोपशीर होती : राष्ट्राध्यक्षांना चौकशी आयोग नेमायला भाग पाडा. करार रद्द करायला लावण्यापेक्षा हे मागणे नाकारायला सरकारला अधिक कठीण होते. सप्टेंबर २०११ मध्ये, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या झुमा यांनी स्वतःच आयोग जाहीर केला. म्हणजे ज्यांच्यावर याच व्यवहारात आरोप होते, त्यांनीच आयोग नेमला, आणि इथून पुढचे बिघडत गेले. न्या. विली सेरिटी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने महत्त्वाची कागदपत्रे पुराव्यात घेतली नाहीत. माजी खासदार अँड्र्यू फाइनस्टाइन, पॉल होल्डन आणि हेनी व्हान व्ह्युरेन या संशोधकांनी २०१४ मध्ये सहकार्य थांबवले. क्रॉफर्ड-ब्राउन यांनी मात्र साक्ष दिली. एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात भ्रष्टाचाराचा पुरावा नसल्याचा निष्कर्ष होता.

‘करप्शन वॉच’ आणि ‘राइट टू नो’ या संघटनांच्या अर्जावर २१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रिटोरिया उच्च न्यायालयाने आयोगाचे निष्कर्ष रद्दबातल ठरवले. आयोगाने पुरेशी चौकशीच केली नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२० मध्ये आयोगाच्या दोन न्यायाधीशांविरुद्ध गैरवर्तनाची तक्रारही दाखल झाली. या संघटनांचे यश मोठे आहे. पण आयोग अस्तित्वात येण्यामागे घटना न्यायालयातील तो अर्ज होता, ही नोंद बऱ्याचदा राहून जाते.

शस्त्रांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनीच संसदेत मान्य केले की, २६ पैकी १२ ग्रिपेन विमाने पैशाअभावी साठवणुकीत ठेवली आहेत. याच देशाच्या डेनेल या सरकारी शस्त्रकंपनीशी भारताने २००५ मध्ये व्यवहार थांबवले, तेव्हाही आरोप रायफलींच्या सौद्यातील मध्यस्थाच्या कमिशनचाच होता. झुमा आणि फ्रेंच कंपनी थेल्स यांच्यावरील आरोप २००९ मध्ये मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये पुन्हा दाखल झाले. त्यानंतरही एकामागून एक अर्ज येत गेले आणि सुनावणी लांबतच राहिली.