शाम्पूची पुडी आणि कॉम्प्युटरची पंचाईत

ओल्या हातांनी शाम्पूची पुडी फाडून बघितलीये ना? कडेला तो बारीकसा काप नसेल तर कितीही ओढा, नुसती ताणते, हातातून सटकते, शेवटी दातच लावावे लागतात, आणि एकदा जरासं कुरतडलं की टर्रकन फाटत जाते. हात तेच, पुडी तीच.

१९१३ साली इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने याचं गणित मांडलं. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. तेच भोक चपटं असेल, ओढायच्या दिशेला आडवं आणि रुंदीच्या १० पट लांब, तर टोकाशी ताण थेट २१ पट! मग १९२१ मध्ये ग्रिफिथ नावाच्या दुसऱ्या इंग्रज इंजिनिअरने काचेवर प्रयोग करून पुढचा हिशोब लावला: तडा वाढला की ताणून साठलेली एनर्जी सुटते, पण दोन नवे पृष्ठभाग तयार करायला एनर्जी लागतेही; सुटलेली एनर्जी त्या खर्चाला पुरली की तडा सुसाट पळतो.

आता हे कॉम्प्युटरला शिकवायचं म्हणजे डोकेदुखी. नेहमीची पद्धत अशी की वस्तूची बारीक जाळी करायची आणि प्रत्येक घराचं गणित सोडवायचं. पूल वाकतो किती वगैरे झकास निघतं, पण ती समीकरणं वस्तू अखंड आहे असं धरूनच लिहिलेली, त्यामुळे तडा आला की घोळ. टोकाशी जाळी बारीक केली की ताणाचा आकडा वाढतो, अजून बारीक केली की अजून वाढतो, थांबतच नाही. शिवाय तडा जाळीच्या रेघांवरूनच जाणार, खरा तडा कशाला रेघा बघतोय!

२००० साली अमेरिकेतल्या सँडिया लॅबच्या स्टुअर्ट सिलिंगने ती समीकरणंच बदलली. त्याच्या पेरिडायनॅमिक्समध्ये प्रत्येक बिंदू ठराविक अंतरातल्या सगळ्या शेजाऱ्यांना जणू स्प्रिंगने बांधलेला असतो, स्प्रिंग लिमिटच्या बाहेर ताणली की कायमची तुटली, बस्स. तडा कुठे जाईल, त्याला फाटे फुटतील का, हे काही आधी सांगावं लागत नाही, आपोआप होतं. (मला तरी हे जाम आवडतं.) फक्त एकेका बिंदूला सहज शंभरच्या वर शेजारी, त्यामुळे कॉम्प्युटरला घाम फुटतो.

आणि ती लिमिट ठरते ग्रिफिथच्याच हिशोबावरून. तडा वाढायला किती एनर्जी लागते तो आकडा मात्र लॅबमधूनच आणावा लागतो, त्यासाठी मटेरियलचा तुकडा घ्यायचा, त्याला आधी मुद्दाम एक काप द्यायचा आणि मग ओढून तोडायचा.