गरम इंजिन सुरू का होत नाही? जुन्या डिझेल गाडीतील गळतीचे गणित

दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला की गाडीचा आजार कळतो, हा समज आता चांगलाच रुळला आहे. पडद्यावर पी००८७ हा कोड उमटतो, त्याचा अर्थ ‘रेलमधील, म्हणजे इंधन दाबून साठवणाऱ्या नळीतील, दाब अपेक्षेपेक्षा कमी’ असा असतो, आणि लगेच दाब मोजणारा सेन्सर बदलला जातो. त्याने फरक पडला नाही की संशय पंपावर जातो, आणि पंप हा तर खर्चिक भाग. वास्तविक त्या कोडने कोणताही भाग दोषी ठरवलेला नसतो. दाब कमी आहे, एवढीच साक्ष त्याने दिलेली असते. तो का कमी आहे हे शोधायचे, तर दाब तयार कसा होतो आणि निसटतो कुठून, हे पाहावे लागते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते आणि तिच्यात शिरलेले डिझेलचे तुषार आपोआप पेटतात. अडचण पहिल्यापासून होती ती हे तुषार पाडण्याची. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ मधील यशस्वी इंजिनात इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने आत उडवावे लागत असे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, कॉमन रेल पद्धत प्रवासी मोटारींत आली. तिच्यात पंप एका जाड भिंतीच्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, इंधन दाबून साठवतो आणि सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे सर्व इंजेक्टर त्या एकाच साठ्यातून इंधन घेतात. इंजिन नुसते चालू असताना तेथे सुमारे ३०० बार, तर जोर लावल्यावर १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाब असतो. एक बार म्हणजे साधारणपणे वातावरणाचा दाब.

आता खरी गंमत इंजेक्टरच्या आत आहे. नोझलची छिद्रे बंद ठेवणारी सुई सुमारे ४ मिलिमीटर व्यासाची धरली, तर १,६०० बार दाबाने तिच्या माथ्यावर जवळजवळ २०० किलो वजनाइतका जोर पडतो. हा जोर झुगारून सुईला सेकंदाच्या हजाराव्या भागात उचलणे इंजेक्टरच्या डोक्यावरील चिमुकल्या विद्युतचुंबकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून तो सुईला हातच लावत नाही. सुईच्या वर इंधनाने भरलेली एक लहान कोठडी असते; तिच्यात इंधन एका बारीक छिद्रातून येते आणि त्याहून किंचित मोठ्या छिद्रातून बाहेर जाऊ शकते. हे दुसरे छिद्र एका छर्‍याने बंद असते आणि ते जेमतेम पाव मिलिमीटर रुंद असल्यामुळे छर्‍यावरील जोर किलोभरही भरत नाही. चुंबक आपली शक्ती या छर्‍यापुरतीच वापरतो. छर्रा सुटला की कोठडीतील दाब कोसळतो आणि खालच्या बाजूने लागलेला रेलचा दाबच सुईला वर ढकलतो. कोठडीतून निसटलेले इंधन रिटर्नच्या नळीने टाकीकडे परत जाते. म्हणजे थोडे रिटर्न येणे हा दोष नव्हे, तो रचनेचाच भाग आहे.

दोष सुरू होतो तो झिजेने. प्रचंड वेगाने निसटणारे इंधन, त्यातील सूक्ष्म कण आणि पाण्याचा अंश यांमुळे छर्‍याची बैठक खरवडली जाते आणि छर्रा बंद असतानाही गळती चालू राहते. सुईच्या मागचा दांडा ज्या मार्गिकेत सरकतो, तेथील फट नवेपणी अवघी काही मायक्रोमीटर असते. अशा अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात आणि द्रवाच्या दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते आणि दाटपणा निम्मा झाला तर ती पुन्हा दुप्पट होते. डिझेल ४० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापले, तर त्याचा दाटपणा साधारण निम्म्यावर येतो.

सकाळी एका झटक्यात चालू होणारी गाडी लांबच्या प्रवासानंतर दहा मिनिटे थांबवली की पुन्हा का उठत नाही, याचे उत्तर येथे आहे. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरेच घेते, त्यामुळे पंपाचा पुरवठा तुटपुंजा असतो आणि रेलमध्ये साधारण २०० बार जमल्याशिवाय इंजिनाचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही. थंड, दाट डिझेल कसेबसे तेवढा दाब धरते. पातळ झालेले डिझेल पंप भरतो त्याच वेगाने गळून जाते. हीच गाडी उतारावर गिअरमध्ये सोडली की चालू होते आणि नंतर तक्रार करत नाही, कारण वाढलेल्या वेगात पंप गळतीला पुरून उरतो. उलट, फक्त थंडीत त्रास देणार्‍या गाडीत आधी ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) तपासावे. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत असेल, तर दाबाचा विचार बाजूला ठेवून इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँकचा सेन्सर पाहावा. तोही अनेकदा तापल्यावरच दगा देतो.

खातरजमेसाठी लागणारे साहित्य स्वस्त आहे. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्नची नळी काढून तेथे पारदर्शक नळी आणि खुणा केलेली बाटली जोडायची, इंजिन तापवून ठरावीक वेळ चालवायचे आणि बाटल्या शेजारीशेजारी ठेवायच्या. तीन बाटल्यांत तळाशी थोडे डिझेल आणि चौथी निम्मी भरलेली दिसली, तर सेन्सर आणि पंप बहुधा निर्दोष असतात. इंधनाचा फिल्टर तुंबलेला नाही आणि पुरवठ्याच्या नळीत हवेचे बुडबुडे नाहीत, हे त्याआधी पाहिलेले बरे. मात्र जुन्या पंपांच्या काळातली सवय, म्हणजे चालू इंजिनावर एकेका पाइपचा नट सैल करून ‘मिसिंग’, म्हणजे नीट न पेटणारा सिलिंडर, शोधणे, येथे जिवावर बेतू शकते. हजार बारहून अधिक दाबाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

इंधनाच्या नळीवर चुंबक बसवून ‘रेणूंची रचना’ सुधारण्याचा दावा करणारी उपकरणे अजून विकली जातात. डिझेलमधील हायड्रोकार्बनांवर अशा चुंबकाचा ज्वलनात जाणवेल असा काहीच परिणाम होत नाही. टाकीत ओतायच्या द्रवांचे तसे नाही; नोझलवरची पुटे ते काही अंशी विरघळवू शकतात, पण झिजलेली बैठक भरून काढणे कोणत्याही बाटलीला जमणार नाही.

इंजेक्टर बदलताना त्याखालचे तांब्याचे वॉशर नवेच हवे, नाहीतर ज्वलनातील वायू तेथून निसटून डांबरासारखा काळा थर साचतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर उपटून काढणेच मुश्कील होते. ज्या इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरे आणि अंक कोरलेले असतात, त्याचा तो कोड संगणकात भरावा लागतो, कारण प्रत्येकाच्या मापातील सूक्ष्म फरक त्यात नोंदलेला असतो. आणि फिल्टर उघडल्यावर डिझेलमध्ये धातूची चंदेरी चकाकी दिसली, तर इंजेक्टरची खरेदी थांबवावी. अशा वेळी पंप आतून सोलवटत असतो. तो बदलून टाकीपासून रेलपर्यंतची प्रत्येक नळी धुतल्याशिवाय बसवलेला नवा इंजेक्टर त्याच कणांनी पुन्हा झिजतो.