गॅलॅक्टोज घातलं, तरी प्रथिन का आलं नाही?

यीस्टमध्ये प्रथिन बनवण्यासाठी आम्ही देतो त्या गॅल-१ प्रमोटरच्या (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) प्लास्मिडबद्दल, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळाबद्दल, आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते : गॅलॅक्टोज घातलं, रात्रभर शेकरवर ठेवलं, पण जेलवर प्रथिनाची पट्टी नाही. प्लास्मिड बदलून मागण्याआधी एवढं वाचा. अनेकदा घोळ ग्लुकोजचा असतो.

यीस्टमध्ये या प्रमोटरची किल्ली गॅल-४ या प्रथिनाकडे आहे. ते जोडीने डीएनएवरच्या १७ अक्षरांच्या जागेवर बसतं. गॅल-१ आणि गॅल-१० या जनुकांच्या मधल्या भागात अशा चार जागा आहेत. रॅफिनोज या साखरेवर वाढणाऱ्या पेशींत गॅल-४ गॅलॅक्टोज येण्याआधीच तिथे बसलेलं असतं, फक्त गॅल-८० या दुसऱ्या प्रथिनाने त्याचं कामाचं टोक झाकलेलं असतं. गॅलॅक्टोज आत आलं की गॅल-३ हे प्रथिन गॅलॅक्टोज आणि एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) धरतं, गॅल-८० ला गुंतवून ठेवतं आणि गॅल-४ मोकळं होतं. मग सागा आणि मेडिएटर हे प्रथिनसंच येतात, प्रमोटरमधल्या टाटा पेटी या खुणेवर टीबीपी हे प्रथिन बसतं आणि जनुकाची आरएनए प्रत काढणारं १२ घटकांचं आरएनए पॉलिमरेज-२ कामाला लागतं.

ग्लुकोज असेल तर हे सगळं अडतं. मिग-१ हे जनुकं दाबणारं प्रथिन केंद्रकात शिरतं, गॅल-१ च्याच नव्हे तर गॅल-४ च्या प्रमोटरवरही बसतं आणि टप-१ व सिक-८ या साथीदार प्रथिनांना बोलावून दोन्ही दाबतं. म्हणजे कुलूप लागतंच, वर किल्ल्याही कमी पडतात. ग्लुकोज संपल्यावर स्नफ-१ हे एन्झाइम मिग-१ ला फॉस्फेट लावून बाहेर काढतं, तेव्हा कुठे वाट मोकळी होते.

म्हणून कल्चर आधी २ टक्के रॅफिनोजवर वाढवा. रॅफिनोज दाबतही नाही, चेतवतही नाही. त्यावरून गॅलॅक्टोज दिलं तर आरएनए काही मिनिटांत दिसू लागतो. ग्लुकोजवरून थेट नेलंत तर तासन्‌तास जातात, पेशी धुतल्या तरीही. गॅलॅक्टोजच्या बाटलीवर ग्लुकोजचं प्रमाण किती लिहिलंय, तेही पाहा.

एवढं करूनही पट्टी नसेल, तर वाण तपासा. एस२८८सी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यीस्ट वाणामध्ये गॅलॅक्टोज आत घेणारं गॅल-२ बिघडलेलं आहे, आणि टू-हायब्रिडसाठीच्या (दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का ते तपासणाऱ्या चाचणीसाठीच्या) अनेक वाणांतून गॅल-४ व गॅल-८० काढूनच टाकलेले असतात. आम्हाला लिहाल तेव्हा वाणाचं नाव आणि आधीचं मीडियम नक्की कळवा.