हौशी ड्रोन : खासगीपणा, सुरक्षितता आणि नियमन

छंद म्हणून, बहुधा चित्रीकरणासाठी उडवल्या जाणाऱ्या छोट्या चालकरहित विमानाला हौशी ड्रोन म्हणतात. चार पंखे, एक कॅमेरा, जेमतेम अर्धा तास पुरणारी बॅटरी आणि हातातल्या रिमोटला अडकवलेला मोबाइल, एवढाच त्याचा संसार. २०१३ साली डीजेआय या चिनी कंपनीने ‘फँटम’ बाजारात आणला आणि खोक्यातून काढून लगेच उडवता येईल असा ड्रोन सर्वसामान्यांच्या हाती आला. त्याआधी असली यंत्रे बहुधा स्वतः जोडावी लागत आणि शिकताना दोन-चार मोडल्याशिवाय हात बसत नसे. लोकांच्या तक्रारींचे मूळ या सोपेपणात आहे, आणि त्याहून जास्त, ड्रोनला एका जागी थांबता येते यात. एरोमॉडेलिंगवाल्यांचे छोटे विमान डोक्यावरून भुर्रकन निघून जाई. ड्रोन गॅलरीसमोर येऊन उभा राहू शकतो.

भारतात सुरुवात बंदीनेच झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) नियम ठरेपर्यंत खासगी ड्रोन उडवू नयेत, अशी जाहीर सूचना काढली. ती कागदावर राहिली. त्याच काळात लग्नाच्या अल्बममध्ये वरातीचे ‘वरून घेतलेले’ शॉट आले आणि प्री-वेडिंगवाले ड्रोनचे पैसे वेगळे लावू लागले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पहिली नियमावली आली आणि १ डिसेंबरपासून ती लागू झाली. मार्च २०२१ मध्ये दुसरी आली, पण परवानग्या आणि अर्जांची जंत्री इतकी लांबली की पाच महिन्यांत ती गुंडाळावी लागली. २५ ऑगस्ट २०२१ चे ‘ड्रोन नियम’ त्या मानाने सुटसुटीत आहेत. २५ अर्जांचे ५ झाले, दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपयांवर आली. नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे आखले गेले. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची. विमानतळाभोवतालचा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणला गेला. तरीही पुण्यासारख्या शहरातल्या हौशी माणसाला फारशी मोकळीक मिळत नाही, कारण लोहगावचा विमानतळच हवाई दलाचा आहे. मुंबईत पोलिसांचे ठरावीक मुदतीचे बंदी आदेश वरचेवर निघतात. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायलाही मनाई आहे. सुटे भाग चालतात, पण अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या भाच्याने मामासाठी आणलेला ड्रोन विमानतळावर कस्टम्सच्या ताब्यात राहण्याचीच शक्यता जास्त.

या नियमांचा कणा वजन हा आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग लहान, मध्यम, मोठा. नॅनो ड्रोनला वैमानिकाचे प्रमाणपत्र नको, विमाही नको. मायक्रो निव्वळ हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्रातून सुटतो. २५० ग्रॅमचा आकडा आपला नाही. २०१५ साली अमेरिकेत नोंदणीसाठी नेमलेल्या गटाने, वरून पडलेला ड्रोन डोक्यावर आदळला तर माणूस दगावण्याची शक्यता किती, याचे गणित मांडून तो काढला आणि पुढे अनेक देशांनी तो उचलला. कंपन्यांनीही त्यावरून माप घेतले. २०१९ चा ‘मॅविक मिनी’ २४९ ग्रॅमचा होता. जपानमध्ये तेव्हा मर्यादा २०० ग्रॅमची होती, म्हणून तिथे त्याची १९९ ग्रॅमची खास आवृत्ती निघाली! डोक्यावर पडण्याच्या भीतीला हे माप ठीक आहे. पण सोसायटीच्या आठव्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला ड्रोनच्या वजनाशी काय देणेघेणे? उलट सर्वांत हलका ड्रोनच कमी आवाजाचा, पटकन सोडता-उतरवता येणारा आणि नियमांतून सर्वाधिक सुटलेला असतो.

युरोपीय संघाने ही गोम ओळखली. ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या नियमांनुसार, ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी त्यावर कॅमेरा असेल तर मालकाला नोंदणी करावी लागते. सूट फक्त खेळण्यांना. तिथे वजनाबरोबर नजरही मोजली जाते. आपल्याकडे २०१८ च्या नियमावलीत खासगीपणाचा भंग होऊ न देण्याची जबाबदारी ड्रोनचालकावर टाकणारे वाक्य होते, २०२१ च्या नियमांत तसे स्वतंत्र कलम नाही. कमाल उंची सांगितली आहे, पण लोकांच्या घरापासून किमान किती अंतर ठेवायचे हे सांगितलेले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, म्हणजे या नियमांच्या चार वर्षे आधीचा, हे इथे नोंदवायला हवे. तक्रारदाराला मग इतर कायद्यांत शोधाशोध करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहेत, पण दोन्ही शरीराच्या खासगी भागांच्या किंवा खासगी क्षणांच्या चित्रणापुरती. अंगणात पापड वाळत घालतानाचे चित्रण त्यांत बसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा तर व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही, आणि हौस ही वैयक्तिकच असते.

ड्रोनला खरोखर काय दिसते, याबद्दलच्या कल्पनाही दोन टोकांच्या आहेत. नेहमीच्या हौशी ड्रोनची भिंग रुंद कोनाची असते. १२० मीटरवरून तिच्या चौकटीत दीड-पावणेदोनशे मीटर रुंदीचा परिसर मावतो आणि फोर-के (4K) दर्जाच्या बारीक चित्रातही माणसाचा चेहरा चार-पाच ठिपक्यांत संपतो. एवढ्या उंचीवरून कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. तोच ड्रोन दहा मीटरवर आला की चेहरा स्पष्ट होतो. दूरचे जवळ आणणारी भिंग बसवलेल्या महागड्या ड्रोनना मात्र हा हिशेब लागू नाही.

खाली उभ्या असलेल्या माणसाला यातले काही कळायची सोय नसते. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी बीड, जालना या भागांत आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर त्यातून घरांची टेहळणी करतात, अशी बोलवा उठली. गावोगाव पोरे काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागली. पोलिसांना अफवांवर विश्वास ठेवू नका असे सांगत फिरावे लागले. काळोखात लाल-हिरवा दिवा दिसला तर तो शंभर मीटरवरचा ड्रोन की दहा किलोमीटरवरचे विमान, हे डोळ्याला ठरवता येत नाही. महाराष्ट्रातल्या गावांना ड्रोन नवा होता असेही नाही. गावठाणाच्या मोजणीसाठी तो आला तेव्हा लोकांनी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारून दिली होती, वरून रेघा नीट दिसाव्यात म्हणून. तो दिवसा आला होता, तलाठी-ग्रामसेवकांसोबत आला होता आणि कशासाठी आला ते दवंडीसारखे सर्वांना ठाऊक होते.

विमानांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नात तर नुसता संशयही पुरतो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचा गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या खबरींमुळे वारंवार बंद ठेवावा लागला, सुमारे १,००० उड्डाणे आणि १,४०,००० प्रवाशांचे हाल झाले, आणि ड्रोन उडवणारा शेवटपर्यंत सापडला नाही. प्रत्यक्ष टकरी विरळा, पण झाल्या आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक शहराजवळ प्रवासी विमानाला ड्रोन धडकला. विमान सुखरूप उतरले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसचा वणवा विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडले आणि ऐन आगीत ते विमान काही दिवस जमिनीवर राहिले. हा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला होता. विशेष म्हणजे त्याच महिन्यात डीजेआयने अमेरिकेत निषिद्ध क्षेत्रात ड्रोन उडूच न देणारे आपले कुलूप काढले आणि त्या जागी केवळ इशारा ठेवला.

उडणाऱ्या ड्रोनने आपली ओळख आणि ठिकाण सतत प्रसारित करावे, हा उपाय अमेरिकेने बंधनकारक केला असून मार्च २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे. भारताच्या २०२१ च्या नियमांतही माग दाखवणारी यंत्रणा आणि ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ अशा तरतुदींचा उल्लेख आहे, पण त्या पुढे अधिसूचित करू, आणि तयारीला किमान सहा महिने देऊ, अशा शब्दांत. तोवर ओळख म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक. तो वाचायचा तर ड्रोन हातात यावा लागतो.