औद्योगिक गोंगाट व श्रवणसंरक्षण, नाशिक

कारखान्यातील सततच्या मोठ्या आवाजाने कामगारांच्या ऐकण्याची होणारी हानी व ती टाळण्याचे उपाय. नाशिक परिसरात हा प्रश्न मुख्यतः सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील प्रेस शॉप (पत्रा दाबून घडवणारे विभाग) व फॅब्रिकेशन, ओझरच्या विमान कारखान्यातील रिव्हेटिंग आणि नाशिकरोडची मुद्रणालये यांच्या संदर्भात येतो. दिंडोरीकडच्या वाइनरींचा बॉटलिंग विभाग या यादीत सहसा धरला जात नाही. काचेवर काच आपटण्याचा तो आवाजही किरकोळ नसतो.

धातू ठोकणाऱ्यांना बहिरेपण येते, हे निरीक्षण जुने आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात व्हेनिसमधील तांबटांविषयी लिहिले आहे, की दिवसभरच्या ठोक्यांनी त्यांचे कान जड होतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. हा उल्लेख पुष्कळ ठिकाणी १७०० सालचा म्हणून दिला जातो. मात्र तांबटांचे प्रकरण १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीच्या पुरवणीतले असल्याने तेच साल धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मोजमापावर आधारलेला अभ्यास त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. ग्लासगोचे टॉमस बार यांनी १८८६ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कामगारांची तुलना टपालवाल्यांशी केली. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती जुनी असून गावठाणातील तांबट लेन हे नाव तिचीच खूण आहे. यंत्रांचा गोंगाट मात्र महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) वसाहतींबरोबर वाढला.

आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. शिफ्ट सुटल्यावर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत बहुधा उतार पडतो. वर्षानुवर्षे हेच घडत गेले, की पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हानीची पहिली खूण म्हणजे ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) ४,००० हर्ट्झच्या आसपास पडणारी खाच. ती नेमकी तेथेच का पडते, यावर मतभेद आहेत. एका मते त्या भागाचा रक्तपुरवठा तोकडा असतो. दुसऱ्या मते नलिकेच्या पहिल्या वेढ्यात द्रवाचा ताण जास्त येतो. तिसरे मत असे : बाह्य कर्णनलिका ३,००० हर्ट्झच्या आगेमागे आवाज वाढवते आणि सर्वांत जास्त इजा मूळ आवाजाच्या सुमारे अर्ध्या सप्तकाने वर होते. कर्णनलिकेची लांबी व खाचेची जागा यांत काही संबंध आढळल्याने हे तिसरे मत आज बहुतेकांना पटते. बोलण्यातील स्वर या पट्टीच्या बरेच खाली असल्याने नुकसान लवकर ध्यानात येत नाही. पुढे स, श, च, फ यांसारखे वर्ण निसटू लागतात आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार सुरू होते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपण अधिसूचनीय (सरकारला कळवणे बंधनकारक असलेला) रोग म्हणून नोंदलेले होते. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहे. भारतात रूढ मर्यादा आठ तासांना ९० डेसिबेल (ए) अशी असून दर ५ डेसिबेलला वेळ निम्मी होते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची १९९८ ची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबेल व दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी अशी आहे. फरक मोठा आहे : १०० डेसिबेलच्या आवाजात पहिल्या हिशेबाने दोन तास काम चालते, दुसऱ्याने जेमतेम पंधरा मिनिटे. दुसरा हिशेब ध्वनिऊर्जेला धरून आहे, कारण दर ३ डेसिबेलला ती दुप्पट होते.

उपायांत यंत्राला आवरण घालणे, कंप शोषणारे पाये बसवणे, हवेच्या नळ्यांना सायलेन्सर लावणे हे आधी येते. इअर प्लग व इअर मफ सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात खरेदी उलट्या क्रमाने होते. फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा असतो. तेलकट हातांनी हे साधत नाही. दोरीचा प्लग बऱ्याचदा गळ्यातच लोंबतो आणि सुपरवायझर दिसला की कानात जातो. आठ तासांच्या शिफ्टमध्ये आवाज ३० डेसिबेलने घटवणारे साधन अर्धा तास जरी काढून ठेवले, तरी ऊर्जेच्या हिशेबाने पदरात सुमारे १२ डेसिबेलच पडतात. त्यामुळे पाकिटावरचा आकडा मोठा असण्यापेक्षा साधन दिवसभर सोसवणारे असणे महत्त्वाचे. प्लगवर मफ चढवला तरी दोन्हींची बेरीज होत नाही. साधारण ५ डेसिबेलची भर पडते.

श्रवणचाचणीपूर्वी किमान १४ तास कान शांत असावे लागतात. रात्रपाळी संपताच घेतलेली चाचणी फसवी ठरते. नाशिकमध्ये यात ढोलपथकांची भर आहे. गणेशोत्सवाच्या आधीपासून तालमी चालतात, वादकांत कारखान्यांतले तरुणही असतात, आणि ढोल-ताशाने पडलेली खाच प्रेसने पडलेल्या खाचेहून ऑडिओग्रामवर वेगळी ओळखता येत नाही. भरपाईच्या दाव्यात म्हणूनच कामावर रुजू होतानाच्या पहिल्या ऑडिओग्रामला मोल येते.