डोक्याला मार बसल्यावर मैदानात परतायचे कधी?

ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणी होऊन तो पुन्हा खेळायला उतरला आणि 92 धावा करून बाद झाला. डोकेदुखी आणि सुस्ती जाणवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. कन्कशन, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कामात होणारा बिघाड, असे उशिरा बोलते. म्हणून नुसती शंका असली, तरी त्या दिवशी खेळ बंद.

सीटी स्कॅन बहुधा साफ येतो, कारण त्यात रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसते. इथे बिघाड मेंदूच्या पेशींच्या कामात असतो. हिसक्याने पेशीतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. ते जागेवर आणायला भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असू शकतो. या काळात दुसरा मार फार महागात पडतो.

पहिले 24 ते 48 तास विश्रांती घ्यावी, मोबाइल-टीव्ही कमीत कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहू नये. घरचे लोक काळजीपोटीच तसे करायला लावतात, मात्र त्याने बरे होणे लांबते. सावकाश चालणे पहिल्या दोन दिवसांतही चालते.

पुढचे मोजमाप नाडीवर. 220 वजा वय, हे अंदाजे कमाल ठोके. वीस वर्षांच्या खेळाडूचे 200. आधी व्यायामाची सायकल 110 ठोक्यांपर्यंत (55 टक्के), ते जमले की 140 पर्यंत (70 टक्के). सुरुवातीलाच त्रासाला 0 ते 10 मधला आकडा द्यावा. व्यायामाने तो फार तर 2 ने वाढला आणि तासाभरात उतरला, तर हरकत नाही. जास्त वाढला तर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा.

त्यानंतर एकट्याने धावण्याचा सराव. वेगवान चेंडू खेळणे किंवा कबड्डीतली पकड मात्र दमल्यावरही लक्षणे उमटत नसतील आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. स्मिथच्या वेळी पुढची, हेडिंग्लेची कसोटी चारच दिवसांवर होती. तो ती खेळला नाही. त्यानंतरच्या कसोटीत, ओल्ड ट्रॅफर्डवर, त्याने 211 धावा केल्या.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, हातापायांतली कमजोरी किंवा जागे करूनही न जाणारी गुंगी दिसली, तर पायऱ्या विसरून थेट रुग्णालय गाठावे.

मोठी माणसे बहुतेक दोन आठवड्यांत सावरतात. मुलांना चार आठवडेही लागतात. त्यांची शाळा आधी, तीही सुरुवातीला अर्धा दिवस. पूर्ण दिवस विनात्रास जमला की मगच सामना.