नॉकनारे: चुनखडीच्या डोंगराने जपलेली हाडं

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगो शहराजवळ नॉकनारेचा डोंगर आहे. उंची अवघी ३२७ मीटर. सपाट माथ्यावर दगडांची अवाढव्य रास, सुमारे ५५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच. लोक सांगतात की ही दंतकथांतल्या, कॉनॉट प्रांताच्या मेव्ह राणीची समाधी. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या शत्रूंकडे तोंड करून तिला उभीच पुरलंय. गोष्ट झकास, पण काळाचा मेळ बसत नाही. रास नवाश्मयुगातली, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. मेव्हच्या कथांचा काळ तिच्यापेक्षा तीनेक हजार वर्षांनी अलीकडचा.

राशीच्या पोटात दफनाची खोली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आसपासच्या काही राशींत तशा खोल्या सापडल्यात. ही मात्र शास्त्रीय पद्धतीने कुणी उकरलेलीच नाही. तरीही इथल्या माणसांविषयी बरंच कळलंय, आणि त्याचं श्रेय खडकाला द्यायला हवं.

हा डोंगर चुनखडीचा. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या जीवांचे शंख-शिंपले तळाशी साचले आणि त्यांचा खडक झाला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, फटींतून झिरपतं आणि चुनखडी विरघळवत नेतं. अशाने गुहा तयार होतात. दक्षिण उताराला 'द ग्लेन' नावाची अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, नेच्यांची आणि शेवाळाची दाटी.

आयर्लंडच्या आम्लधर्मी पीट जमिनीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीत, हाडं विरून जातात. चुनखडीच्या गुहेत ती टिकतात. याच डोंगरावरच्या एका चिंचोळ्या गुहेत माणसाच्या हाडांचे १३ छोटे तुकडे मिळाले. त्यांतला एक प्रौढ, वय तिशीतलं, आणि एक चार-सहा वर्षांचं मूल. प्रौढाचा मृत्यू सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा, मुलाचा त्यानंतर साधारण ३०० वर्षांनी. म्हणजे ही एका कुटुंबाची दुर्घटना नव्हे. त्याच गुहेकडे माणसं पिढ्यानपिढ्या येत राहिली. मृतदेह आत ठेवायचे, मांस झडलं की मोठी हाडं दुसरीकडे न्यायची आणि बारीकसारीक मागे राहायची, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ लावतात. ती मोठी हाडं कदाचित माथ्यावरच्या एखाद्या थडग्यात गेली असतील.

पूर्वेच्या उतारावर झोपड्यांच्या खुणा आहेत, चर्ट नावाच्या कठीण दगडाच्या तासण्याही सापडल्यात.

२०२३ मध्ये स्लायगोची ही थडगी युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. खरा धोका आहे तो पायांचा. राशीवर चढणाऱ्यांमुळे दगड सुटतात, घसरतात. म्हणून आता तिच्यावर चढू नका, दगड हलवू नका, असं बजावलं जातं. समुद्र आणि भोवतालचे डोंगर राशीच्या पायथ्याशी उभं राहूनही तितकेच दिसतात.